उथळ पाणी आणि श्वासाचा हिशेब

आपल्या समाजाची कथाच मुळी समुद्रात फुटलेल्या जहाजापासून सुरू होते. नवगावच्या किनाऱ्यावर सात पुरुष व सात स्त्रिया जिवंत पोहोचल्या, ही परंपरा आपण सर्वांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकली आहे. त्यामुळे की काय, आमच्या घरी पाण्यातल्या खडकांचा मोठा धाक असे. आमची नातवंडे मात्र मुद्दाम खडक शोधून पाण्यात उतरतात!

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट परगण्यात किमरिज नावाचा लहानसा उपसागर आहे. खडकांचे सपाट थर फरशीसारखे पाण्यात शिरलेले, आणि पाणी उथळ. हा पर्बेकचा किनारा १९७८ पासून सागरी जीवांसाठी राखून ठेवला आहे. तोंडावर काचेचा मुखवटा व तोंडात स्नॉर्कलची नळी घेऊन नुसते तरंगले, तरी हिरवी समुद्रफुले दिसतात. कॉर्कविंग रॅस जातीचा नर मासा खडकाच्या फटीत शेवाळाचे घरटे बांधतो. हे पाहण्यास मुलांनी अवश्य जावे.

परंतु उथळ म्हणजे निर्धोक नव्हे. माझे आयुष्य परिचारिकेच्या कामात गेले, म्हणून चार शब्द सांगते.

माझा नातू म्हणाला, "आजी, आधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतले, की बुडी लांबवता येते." येथेच घात आहे. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. जोराच्या श्वासांनी तो आधीच निघून जातो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग शरीर इशारा देत नाही, आणि चांगला पोहणाराही पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध पडतो.

पाठीवर टाकी घेऊन बुडणाऱ्यांचा नियम उलटा आहे. त्यांनी श्वास कधीच रोखू नये. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे भरलेली छाती तशीच धरून वर आल्यास आतली हवा दुप्पट फुगू पाहते व फुफ्फुस फाटू शकते. अगदी एक-दोन मीटरांवरूनही असे घडू शकते.

तिसरी गोष्ट थंडीची. येथील गार पाण्यात एकदम उडी घेतली, की आपोआप धाप लागते व पाणी नाकातोंडात जाते. म्हणून हळूहळू उतरावे. धाप लागलीच, तर उताणे तरंगून एक-दोन मिनिटे श्वास ताळ्यावर येऊ द्यावा. आमच्या वयाच्या मंडळींनी, विशेषतः रक्तदाब असल्यास, आधी डॉक्टरांस विचारावे. पाण्यात दम लागून खोकल्यातून फेस आला, तर तत्काळ बाहेर येऊन रुग्णवाहिका बोलवावी. एकट्याने तर कोणीच उतरू नये.

मुलांना पोहायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. श्वासाची ही गोष्ट मात्र सुट्टीला निघण्यापूर्वी घरच्या माणसानेच त्यांना एकदा सांगून ठेवावी.