वाऱ्याची दिशा मी पाहिलीच नाही

जूनच्या सुरुवातीला कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर जायचं ठरलं, तेव्हा हवामानाच्या अंदाजात मी पाऊस आणि तापमान एवढंच पाहिलं. वर्षभरात जेमतेम 470 मिलिमीटर पाऊस, त्यातला जूनचा वाटा 20 मिलिमीटरच्या आसपास. कमाल तापमान 32 अंश. त्याखाली वाराही दिला होता: पूर्वेकडून, ताशी तीसेक किलोमीटर. मुंबईच्या घामाची सवय असलेल्या मला तो सुखाचाच वाटला, आणि ती ओळ मी सोडून दिली.

खरं तर तिथलं सगळं हवामान त्या ओळीतच असतं. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं हे सखल बेट. सर्वांत उंच डोंगर हामानोता, तोही 188 मीटर. ढग अडवून पाऊस पाडण्याइतकी ही उंची नाही. वर्षभर व्यापारी वारे वाहतात, मे ते जुलैमध्ये अधिक जोराने. दिवी-दिवीची झाडं त्या वाऱ्यानेच कायमची एका बाजूला वाकलेली आहेत. ती पाहूनही मला काही सुचलं नाही. आम्ही त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढले.

त्या वाऱ्यात ऊन जाणवत नाही. घाम येतो तसा वाळतो. अतिनील किरणांचा निर्देशांक जूनमध्ये 11 च्या वर जातो, पण आपल्या सावळ्या कातडीला काय होणार, या समजुतीत मी पोरांनाही क्रीम लावायला लावलं नाही. रात्री त्यांना पाठ टेकवत नव्हती.

त्याहून मोठी चूक पाम बीचवर झाली. हा किनारा पश्चिमेचा, पाणी तळ्यासारखं शांत. माझं लहानपण दापोलीकडचं. तिथलाही किनारा पश्चिमेचाच, पण जूनमध्ये वारा समुद्रावरून येतो. पाण्यात गेलेला चेंडू लाटा परत आणून टाकतात. अरुबात उलटं. वारा बेट ओलांडून समुद्राकडे जातो, आपल्या मतलई वाऱ्यासारखा, पण दिवसरात्र. माझी भाची हवेच्या गादीवर पडून होती. ती लांब जाताना दिसली तेव्हा ताईला मी म्हणालो, “घाबरू नकोस, येईल परत.” त्या बोलण्यात मोलाचा वेळ गेला. मग मी पोहत निघालो, तर गादी माझ्यापेक्षा वेगाने चालली होती. जेट स्कीवाल्या एका मुलाने तिला गाठून आणलं. पश्चिमेला पुढे उघडा समुद्रच होता. ताईला मी दिलेला तो धीर मला आजही टोचतो.

अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम 1 जूनला सुरू होतो, त्याची चौकशी मात्र मी पुष्कळ केली होती. वादळांचा नेहमीचा मार्ग या बेटाच्या उत्तरेकडून जातो. 2007 च्या सप्टेंबरातल्या फेलिक्ससारखं एखादंच जवळून जातं. पण लांबून वादळ जात असलं तरी नेहमीचा वारा पडू शकतो, कधी उलटतोही, आणि मग याच शांत किनाऱ्यावर लाटा येतात.

अरुबाला जूनमध्ये जरूर जा, हवा खरोखर सुंदर असते. फक्त रोज सकाळी वाऱ्याची दिशा पाहा, आणि तो पूर्वेचा असेल तर पश्चिम किनाऱ्यावर मुलांना हवेची गादी देऊ नका.