चकात अडकलेला बुश

लाकूड कातायच्या लेथचा चक घेऊन माणसं माझ्याकडे येतात तेव्हा चकाच्या पाठीवर पान्याच्या दातांचे वण आधीच उठलेले असतात. दोन फुटी पाइप पाना, त्याच्या दांड्यात घातलेला बोअरच्या पाइपाचा तुकडा आणि त्याला लोंबकळायला एक धट्टाकट्टा भाचा, असा सगळा सरंजाम होऊन गेलेला असतो. "मिस्त्री, लई जोर लावला, पर निघंनाच झालंय." जोर लावलाय हे दिसतंच. तो नेमका कुठल्या जोडावर लावला, हे विचारलं की गडी गप्प होतो.

सेलू, मानवत, जिंतूर, गंगाखेड कुठूनही येवो, दुखणं बहुधा एकच. चार जॉच्या चकाच्या पाठीत एक मोठं आटेदार भोक असतं. त्यात एक बुश बसतो. बाजारातून आला तर त्याला अडॅप्टर म्हणायचं. बुशाच्या बाहेरच्या अंगाचे आटे चकात बसतात आणि आतले आटे लेथच्या स्पिंडलवर चढतात. सोय चांगली आहे. चक एकच ठेवायचा, लेथ बदलली की नुसता बुश बदलायचा. पण यामुळे एका जागी दोन जोड झाले, आणि दोन्हींचे आटे उजवे. चक उलटा फिरवला की दोघांतला जो कमी घट्ट तो सुटणार. तुम्हाला हवा तोच सुटेल याची हमी नाही. कधी चक हातात येतो आणि बुश स्पिंडलवरच राहतो. कधी बुशासकट चक निघतो आणि नव्या लेथवर तो बसत नाही, तेव्हा पाना बाहेर निघतो.

जुन्या कातारी लोकांना ही भानगड माहीत नव्हती. त्यांच्या लेथला दोरी असायची. मदतनीस दोरीची दोन टोकं आलटून पालटून ओढायचा, लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरायचं, आणि कातारी फक्त पुढच्या फेऱ्यात हत्यार टेकवायचा. सावंतवाडीची लाखेची लाकडी खेळणी, आपल्याकडची लाटणी, रव्या, पाळण्याचे दांडे हे सगळं अशा दोन्हीकडे फिरणाऱ्या लेथवर घडत आलं. तिथं आट्यांचा चक लावला असता तर मागच्या फेऱ्याला आपोआप उकलला असता. वीज आली, मोटर आली, लाकूड एकाच दिशेने फिरू लागलं आणि मग आटे मुद्दाम असे ठेवले की हत्यार टेकलं की चक आणखी आवळला जावा. तेव्हा चक घट्ट होणं हा बिघाड नाही. त्याची रचनाच तशी आहे. बिघाड पुढे होतो.

किती आवळला जातो, त्याचा अंदाज घ्या. फूटभर व्यासाचा वाडगा कातताना काठाला हत्यार अडकलं. मध्यापासून १५ सेंटिमीटरवर २० किलोचा झटका बसला. ३३ मिलिमीटरच्या आट्यावर या पिळाचं रूपांतर चकाचं तोंड आणि स्पिंडलचा खांदा यांच्यातल्या दाबात होतं आणि हा दाब साडेचारशे किलोच्या आसपास जातो. कापसाच्या भाषेत साडेचार क्विंटल. जड लाकडाच्या फिरत्या ओंडक्याचा धक्का त्याहून मोठा असतो, तो वेगळाच.

आणि इथेच लोकांची गफलत होते. सगळे म्हणतात, आटे जाम झाले. नटबोल्टाच्या अभ्यासात एक ठोकताळा आहे. आवळताना लावलेल्या पिळापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि खऱ्या ताणासाठी उरतो तो दहावा हिस्सा. चकालाही तेच लागू. आटे आत लपलेले, म्हणून संशय त्यांच्यावर. पण पकड मुख्यतः तोंडावर असते, बुशाची कॉलर जिथं चकाला टेकते त्या गोल पट्टीवर. ही पट्टी आट्यांच्या बाहेर, मध्यापासून लांब असल्याने तिचं घर्षण जास्त पिळाला पुरून उरतं. स्वच्छ जोड मात्र आवळायला लागलेल्या पिळापेक्षा कमी पिळात सुटतो, कारण उकलताना आट्यांचा उतार आपल्या बाजूने असतो. त्यामुळे सुटायला जास्त जोर लागत असेल तर समजायचं, मध्ये काहीतरी शिरलंय.

आपल्या भागात ते 'काहीतरी' बऱ्याचदा बाभळीचं असतं. वखराचा दांडा असो की खाटेचा पाय, बाभूळ स्वस्त, चिवट आणि हाताशी. पण ती ओली कातली की तिच्या भुश्शातलं टॅनिन लोखंडाला लागतं आणि काळा थर धरतं. बाभळीच्या सालीने कातडी कमावतात ती याच टॅनिनमुळे, आणि जुन्या काळची काळी शाईसुद्धा टॅनिन आणि लोहक्षार यांचीच असायची. ओला भुसा आट्यांच्या खाचांत दाबला जातो, पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमधली ओल त्याला मिळते आणि गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरंच जास्त. दोन आट्यांमधली केसभर मोकळीक तो भरून टाकतो.

दुसरं कारण मापांचं, आणि ते जास्त चिवट आहे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं पहिलं सर्वमान्य प्रमाण मांडलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये वेगळं प्रमाण सुचवलं, त्यात कोन ६०. गंमत अशी की एक इंची बोल्टला दोघांनीही इंचाला आठच आटे दिले. जुन्या देशी लेथचं स्पिंडल व्हिटवर्थचं आणि नवा बुश ६० अंशांचा असला तरी तो चढतो. सुरुवातीला छान चढतो, हाच घोळ. बाजू पूर्ण टेकत नाहीत, सगळा भार एका कडेवर येतो, आणि दोन्हीकडे मऊ पोलाद असेल तर ती कड समोरच्या धातूला चावते. एकदा चावली की गंज नसतानाही जोड हलत नाही. त्यात आज बाजारात येणाऱ्या बऱ्याच लेथचं स्पिंडल ३३ मिलिमीटर व्यासाचं आणि साडेतीन मिलिमीटर अंतराच्या आट्यांचं, म्हणजे जर्मन प्रमाणाचं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण मिरवतो, ते निदान चकाच्या पाठीत तरी खरं झालंय! आत जर्मन आटे, बाहेर कोपऱ्यावरच्या लेथवाल्याने काढलेले आटे, आणि मापं सुतात. देशाने दशमान पद्धत १९५६ च्या कायद्याने स्वीकारली, तरी आमच्याकडे बोल्ट अजून 'चार सुती' मागतात. इंचाचे आठ सूत हा हिशोब काही मोडत नाही.

आता सोडवण्याकडे येऊ. पाना उचलण्याआधी चकाची पाठ आणि बाजू रॉकेलच्या बोळ्याने पुसून नीट बघायची. बुश फिरू नये म्हणून बऱ्याच चकांत एक बिनडोक्याचा ॲलन स्क्रू आडवा बसवलेला असतो. तो भुसा आणि ग्रीसच्या चिखलात बुजलेला असतो. माझ्याकडे आलेल्या कित्येक 'जाम' बुशांचा जाम एवढाच होता. आणि स्क्रू काढला तरी भोकात बॅटरी मारून बघा. काही ठिकाणी एका स्क्रूवर दुसरा स्क्रू चढवलेला असतो. वरचा काढून माणूस खूश होतो आणि खालचा बुशाला धरून बसलेला राहतो.

मग तेल. रॉकेल आणि डिझेल चालतं, गंज सोडवायचा स्प्रेही चालतो. निळ्या-पिवळ्या डब्यातला जो स्प्रे सगळ्यांना माहीत आहे तो १९५३ मध्ये अमेरिकेत निघाला तो पाणी हटवण्यासाठी, गंज टाळायला. जाम सोडवणं हे त्याचं जोडकाम. कुठलंही तेल असो, त्याला रात्रभर वेळ द्या. चक पाठ वर करून ठेवायचा, म्हणजे तेल कॉलरच्या फटीत उतरतं. मधूनमधून कॉलरवर गोल फिरत हलक्या हातोडीने टकटक करायचं. त्या कंपनाने गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

यानंतर चक धरायचा, आणि तो पान्याने धरायचा नाही. जॉमध्ये षटकोनी सळई पकडून ती सळई व्हाइसमध्ये आवळायची. चक लेथवर असतानाच प्रयत्न करायचा असेल तर स्पिंडल अडवायला माप घेण्याच्या भोकांतली खिळी वापरू नका. ती नक्षीचे भाग मोजायला असते, जोर सहन करायला नाही. आणि मोटर उलटी चालवून चक सोडवण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. सुटला तर तो तुमच्या अंगावर येतो.

बुशाला चपट्या कडा असतील तर त्यांवर बरोबर मापाचा पाना बसवायचा. पाठीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने तो सुटतो. पण आधी किंचित घट्ट दिशेला ढकलायचा, मग उलट. दांड्याला लोंबकळून फायदा नाही. सततच्या ओढीने पाना वाकतो, सळई जॉमध्ये घसरते आणि घर्षण आहे तिथेच राहतं. दांड्याच्या टोकावर दोन किलोच्या हातोडीचा एक कोरडा, आखूड ठोका जे करतो ते भाच्याचं वजन करत नाही. पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये हात घासलेले जुने फिटर हेच करायचे. बोल्टला पाना लावून ते ओढत नसत, ठोकत.

तरी हलला नाही तर उष्णता. इथे घाईने गॅसची ज्योत लावू नये. आधी तेल पुसून कोरडं करा, जॉ काढून बाजूला ठेवा, कारण फार तापले तर त्यांचा कडकपणा उतरतो. हॉट एअर गनने फक्त चकाची बाहेरची बाजू पटकन तापवायची आणि बुशात ओली चिंधी ठेवायची. ४० मिलिमीटर व्यासाचं पोलाद १०० अंशांनी तापलं की जेमतेम मिलिमीटरचा विसावा भाग फुगतं. आट्यांना तेवढंही पुरतं, पण फरक दोघांत पडला तरच. एक गडी मे महिन्यात चक पत्र्यावर उन्हात ठेवून बसला होता. परभणीचं ऊन असलं म्हणून काय झालं, चक आणि बुश दोन्ही सारखेच तापले आणि दोन्ही सारखेच फुगले.

शेवटचा उपाय वेल्डिंग, आणि माझा सर्वांत आवडता. बुशाची माया सोडायची. चक लेथवरून काढायचा. लेथवर असताना वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांच्या गोळ्या खराब करतो. बुशाच्या तोंडावर आडवी एक जाड पट्टी वेल्ड करून टाकायची. वेल्डिंगच्या क्षणी बुश फुगू पाहतो, पण चक त्याला जागा देत नाही. म्हणून तो आतल्या आत दबतो, आणि थंड होताना पहिल्यापेक्षा लहान होतो. पूर्ण थंड झाल्यावर पट्टीच्या टोकावर ठोका द्या. बहुतेक वेळा बुश असा फिरतो, जणू कधी जाम नव्हताच. यालाही दाद दिली नाही तर धातूच्या लेथवर आतून बोअर करत बुश पातळ करायचा, आट्यांच्या मुळापर्यंत पोचलो की थांबायचं आणि उरलेली सालपट चिमट्याने ओढून काढायची. चकाचे आटे महाग, बुश दोन-चारशे रुपयांत नवा.

पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून लोक चक आणि स्पिंडलच्या खांद्यात प्लास्टिकची चकती घालतात. तेलाच्या डब्याचं पातळ, कडक प्लास्टिक त्याला चांगलं. धातूवर धातू चावत नाही, म्हणून तोंडावरचं घर्षण कमी होतं. पण ती चकती फक्त स्पिंडलकडे घाला. बुश आणि चक यांच्यात कधीही नको. तिथे धातू धातूला टेकलाच पाहिजे, नाहीतर वाडगा डगमगत फिरतो. त्या जोडाला तांब्याच्या चुऱ्याचं ग्रीस बोटाने चोळून लावलं की पुरे. ओली बाभूळ कातलेल्या दिवशी संध्याकाळी चक उतरवून आटे तारेच्या ब्रशने कोरडे करायचे. ब्रश पितळी घ्या. लोखंडी ब्रशची तुटलेली तार आट्यातच राहते.

नवा बुश कातून घेताना लेथवाल्याला स्पिंडल काढून देता येत नाही, म्हणून लोक नुसतं "एक इंची, आठ आटे" असं सांगून येतात. ते पुरत नाही. कोन ५५ की ६०, हे आट्याच्या गेजने स्पिंडलवर बघून सांगा. आटे जिथं संपतात तिथं, कॉलरच्या मुळाशी, खोलगट खाच ठेवायला सांगा, म्हणजे कॉलर पूर्ण टेकेल. आणि कॉलरला दोन बाजूंनी चपट्या कडा काढायला लावा, पान्यासाठी. लेथवाला म्हणेल, त्याचं काम नाही, उगं खर्च. त्याला वरचे वीस रुपये द्या आणि काढून घ्या.