एका शब्दाचे तीन अर्थ

इंग्रजीचा तास मला पहिल्यापासून नकोसा वाटे. स्पेलिंग पाठ केले की अर्थ विसरायचा आणि अर्थ लक्षात राहिला की वाक्य जमायचे नाही. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर एक शब्द असा भेटला की तो मी कधीच विसरणार नाही. तो शब्द म्हणजे ‘शेअर’.

त्या दिवशी गुरुजींनी शब्द फळ्यावर लिहिला आणि विचारले, “अर्थ कोणाला येतो?” निम्मा वर्ग ओरडला, “गुरुजी, मोबाईलवर फोटो शेअर करायचा!” मी हात वर केला आणि म्हणालो, “शेअर म्हणजे कारखान्याचा कागद. आमच्या आजोबांचा पत्र्याच्या पेटीत आहे.” सगळी मुले खो खो हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “अरे, त्याचं बरोबर आहे. तुम्ही सगळे प्रवराकाठची पोरं, आणि शेअर माहीत नाही?”

मग त्यांनी सांगितले की, लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे जमविले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९५० साली तिथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याआधी आपल्या जवळच हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, पण तो खाजगी. कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याची मते जास्त. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. “म्हणजे शेअर हा वाटा,” गुरुजी म्हणाले. “आणि हेच क्रियापद झालं की अर्थ होतो, आपल्यातलं दुसऱ्याला देणं, मिळून वापरणं. उद्या प्रत्येकानं एक वाक्य लिहून आणा. पण वाक्य खरं पाहिजे. पुस्तकातलं उतरवायचं नाही.”

मधल्या सुट्टीत मी शाळेच्या कपाटातला शब्दकोश काढला. त्यात वाटा, हिस्सा हे अर्थ होतेच. पण खाली आणखी एक अर्थ दिला होता : नांगराचा फाळ! मला वाटले छपाईची चूक असेल. गुरुजींना दाखविले तर ते म्हणाले, “चूक नाही. दोन्ही शब्द कापणे या एकाच मुळातून आलेत. फाळ जमीन कापतो, आणि वाटा म्हणजे कापून वेगळा केलेला तुकडा.”

हे ऐकून मला कसेतरीच झाले. त्याचे कारण सांगतो.

आजोबा वारले आणि वर्षभराने आमच्या घरात वाटण्या झाल्या. वडील आणि नाना, म्हणजे माझे चुलते, वेगळे झाले. जमीन निम्मी निम्मी झाली, भांडी मोजून झाली, चूल वेगळी झाली. एका शेअरचे मात्र दोन तुकडे होईनात. तो कोणाच्या नावावर करायचा यावरून दोघांत बोलणे बंद झाले. दिवाळीला आजोबांच्या कार्डावर सवलतीची साखर आली, ती आजीने आपल्या खोलीत ठेवली. वडील म्हणाले, “मला नको.” नाना म्हणाले, “मला पण नको.” दिवाळी झाली तरी पिशवीचे तोंड कोणी सोडले नाही.

नानांचा मुलगा माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसतो. आधी आम्ही एका डब्यात जेवत होतो. वाटण्या झाल्यापासून तो त्या टोकाला बसून खायचा आणि मी या टोकाला. आम्हाला तसे कोणी सांगितले नव्हते. आपोआपच झाले.

रात्री मी वाक्य लिहायला बसलो. ‘मी माझा डबा भावाबरोबर शेअर करतो,’ असे इंग्रजीत लिहिले आणि खोडले, कारण ते खोटे होते. दुसरे सुचेना. आजीने विचारले, “काय रं, कवाधरनं काय खोडतोस?” मी सगळे सांगितले, फाळाचेसुद्धा. आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “फाळ जमीन कापतो ते खरं हाय. पर पेरायचं नसंल तर कोन कशाला नांगरंल?”

दुसऱ्या दिवशी माझी वही कोरीच होती. मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन बाकाच्या त्या टोकाला सरकलो. माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी होती. ती त्याला फार आवडते. तो आधी काही बोलला नाही. मग त्याने चटणी घेतली आणि त्याची मेथीची भाजी माझ्याकडे सारली. जेवण झाल्यावर मी वहीत वाक्य लिहिले. गुरुजींनी उशीर का झाला म्हणून विचारले. मी म्हणालो, “गुरुजी, वाक्य आत्ता खरं झालं.” त्यांनी खाली सही केली.

त्याच आठवड्यात आजीने साखरेची पिशवी सोडली. एकाच मापट्याने मोजून दोन डबे भरले आणि आम्हा दोघांच्या हातात दिले. मी माझा डबा नानांच्या घरी पोचविला, त्याने त्याचा आमच्या घरी आणला. काकूने मला चहा पाजला.

शेअरचा कागद अजून पेटीतच आहे. वडील आणि नाना अजून फारसे बोलत नाहीत. ते मोठ्यांचे काम, आम्हाला त्यातले कळत नाही. पण आमचा डबा पुन्हा एक झाला आहे.

आज शाळेत पालक आले आहेत. माझे वडील आणि नाना दोघेही येणार आहेत. हे भित्तिपत्रक दोघांनीही वाचावे, एवढीच माझी विनंती आहे.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी, बेलापूर