मामंजींचा रंधा

चार वर्षांपूर्वीची दिवाळीची झाडलोट. माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेलं एक ओझं सापडलं; सगळं गंजलेलं. दारावर आलेल्या भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकलं. म्हटलं, चला, एक कोपरा मोकळा झाला!

गेल्या वर्षी हे निवृत्त झाले. आठव्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "अगं, बाबांची हत्यारं काढायला हवीत माळ्यावरची." माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. खरं काय ते सांगितलं. हे रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "असू दे," म्हणाले आणि चहा अर्धा टाकून बंदरावर निघून गेले.

मामंजी होड्यांचे सुतार. मोरा बंदरात त्यांनी किती फळ्या तासल्या, देव जाणे! वाकस, रंधा, पटाशा, गिरमिट, यांवर आमचं घर चाललं आणि मी ती रद्दीसारखी तोलून दिली.

भंगारवाल्याला गाठलं. "वहिनी, ते कधीच भट्टीत गेलं." संपलं!

मग माझगावच्या नणंदेकडे जायचं निमित्त केलं. अटल सेतू झाला २०२४ मध्ये, तरी मला आपली भाऊच्या धक्क्याची लाँचच बरी. तेवढी भरती बघून निघावं लागतं. उधाणाच्या ओहोटीला गाळामुळे लाँच लागत नाही. शुक्रवारी भल्या पहाटे आम्ही दोघी चोरबाजारात. त्या दिवशी जुनंपानं रस्त्यावरच मांडतात. वन्सं पदर नाकाला लावून उभ्या, मी मात्र गंजात हात घालून बसलेली.

मैत्रिणींनो, जुना रंधा घ्यायचाच झाला तर चकचकीतपणाला भुलू नका. पातं काढून बघा. जुन्या पात्यांना पुष्कळदा धारेकडच्या भागालाच कडक पोलाद जोडलेलं असे. तेवढं झिजलं की उरतो साधा लोखंडी तुकडा. वरवरचा गंज जातो, धारेजवळ खड्डे पडले असतील तर सोडून द्या. तळावर सरळ पट्टी धरून उजेड दिसतो का पाहा. लाकडाला वाळवीची भोकं असतील तर हात जोडा.

शेफील्डचा छाप असलेलं पातं आणि लाकडी रंधा मिळाला. तो आठशे म्हणाला, मी तीनशे, पाचशेला तुटलं. (वन्संच्या मते तरीही फसले.) घरी पातं रात्रभर व्हिनेगरात ठेवलं, सकाळी सोड्याच्या पाण्यानं धुऊन पुसलं, खोबरेल लावलं आणि रंधा यांच्या पुढ्यात ठेवला.

बराच वेळ बोलले नाहीत. पात्यावरून अंगठा फिरवला. "बाबांचं याहून रुंद होतं," म्हणाले. मग धार लावायचा दगड शोधायला लागले. मी म्हटलं, "वाकस नाही मिळाला."

"शुक्रवारी ओहोटी किती वाजता आहे, विचारून येतो," म्हणाले आणि चपला घालून बंदरावर गेले.