जोर भात्यात की बोटांत?

मध्यमवर्गीय घरात मोठी खरेदी कधी एकट्या माणसाची नसते. तिला साऱ्या घराचे मत लागते, आणि ज्याला त्या वस्तूतले काही कळत नाही त्याचे मत सर्वांत ठाम असते. फ्रिज, कपाट, शिलाई मशीन यांच्याबाबतीत हा नियम बरा चालतो. पण गेल्या वर्षी आमच्या वाकोल्याच्या दोन खोल्यांत पियानो घेण्याचा विषय निघाला आणि सगळे घरच पेचात पडले.

पियानो म्हटल्याबरोबर वाचकांच्या डोळ्यांपुढे जुन्या हिंदी चित्रपटातला दिवाणखाना उभा राहिला असेल : वळणदार जिना, छताला झुंबर, आणि काळ्या चकचकीत वाद्यापुढे बसून प्रेयसीच्या साखरपुड्यात दुःखाचे गाणे म्हणणारा नायक. आमच्याकडेही जिना आहे, पण तो सोसायटीचा आहे. झुंबराच्या जागी पंखा आहे. आणि डोक्यावरून विमाने इतक्या खालून जातात की दुःखाच्या गाण्याचे निम्मे शब्द आकाशातच विरावेत.

तरीही हे खूळ माझ्या डोक्यात शिरले ते कालिन्यामुळे. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर जुन्या कोळे-कल्याण गावाच्या खुणा अजून दिसतात : लाकडी कठड्यांची बैठी घरे, नाक्यावरचे क्रूस. त्यांतल्याच एका घरात माझ्या पियानोच्या मिस राहतात. आठवड्यातून दोन दिवस मी त्यांच्याकडे जाते. पण दोन दिवसांनी हात बसत नाही. रोज बसायला घरी काहीतरी हवेच, असे मिसनी पहिल्याच महिन्यात बजावले.

त्यांच्याकडे पूर्वी वडिलांच्या वेळचा उभा पियानो होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. मिठी नदी फुगली आणि मिसच्या घरात कमरेइतके पाणी चढले. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. पियानो दोन-अडीचशे किलोंचा. तो उचलून माळ्यावर ठेवायचा कसा? पाणी ओसरले तेव्हा सरस सुटला होता, हातोड्यांवरच्या लोकरीच्या गाद्या भिजून फुगल्या होत्या, तारांवर पुढे गंज चढला. आज मिस एका साध्या डिजिटल पियानोवर शिकवतात. त्याविषयी त्या कधी हळहळत नाहीत. "वाद्य घराला बघून घ्यायचं," एवढेच म्हणतात.

आमचे घर बघितले तर खरा पियानो पहिल्याच फेरीत बाद होत होता. त्यात दोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा एकत्र ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. तो ताण बिडाची चौकट पेलते. म्हणून तर त्याला इतके वजन. शिवाय आतली लाकडी पाटी हवेतला ओलावा पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणजे मुंबईत सूर वरचेवर लावून घेणे आले. आणि भिंतीपलीकडच्या काकूंना माझे सराव दुपारच्या झोपेत ऐकावे लागले असते, ते वेगळेच. डिजिटल पियानोत तारा नाहीत. खऱ्या पियानोचे स्वर ध्वनिमुद्रित करून आत साठवलेले असतात. पट्टी किती वेगाने खाली गेली हे यंत्र मोजते आणि त्या प्रमाणात स्वर लहान-मोठा वाजवते. वजन दहा-बारा किलो. हेडफोन लावला की काकूही सुखी आणि रात्री अभ्यास करणारा माझा भाऊही सुखी.

इथवर सारे सोपे होते. अडचण सुरू झाली ती पैशांपाशी. आईच्या भिशीचा नंबर लागायचा होता आणि त्या पैशांवर मोरीच्या गळक्या भिंतीचा पहिला हक्क होता. बाबा म्हणाले, "दहा-बारा हजारांत कीबोर्ड मिळतो. पट्ट्या काळ्या-पांढऱ्याच ना? मग चाळीस कशाला?" प्रश्न अगदी रास्त होता आणि मला त्याचे उत्तर देता येत नव्हते.

अंधेरीच्या एका दुकानात गेलो तेव्हा तर बाबांची बाजू आणखीच भक्कम झाली. तिथल्या विक्रेत्याने ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डातून बासरी, व्हायोलिन, तबला आणि चर्चची घंटा एकामागून एक काढून दाखवली. "मॅडम, सहाशे आवाज आहेत!" ज्या पियानोची किंमत तिप्पट होती, त्यात जेमतेम दहा आवाज. हिशेबी माणसाला काय वाटेल ते सांगायला नकोच.

उत्तर सापडले ते आजीकडून. आजीचे वडील भजनी मंडळात पेटी वाजवत; ती स्वतःही वाजवायची. मैत्रिणीचा छोटा जुना कीबोर्ड मी आठवडाभर घरी आणला होता. आजीने त्यावर बोट ठेवले. हळू दाबले, जोरात दाबले, पुन्हा हळू दाबले. आवाज दर वेळी तेवढाच. "अगं, ही तर भाता नसलेली पेटी," ती म्हणाली. "पेटीत जोर भात्यात असतो. बोटानं नुसता सूर सांगायचा. तुझ्या वाद्याला भाता नाही. मग याचा जोर कुठे आहे?"

त्या एका प्रश्नाने माझ्या डोक्यातला गुंता सुटला. पियानोत जोर बोटांत असतो. पट्टीच्या टोकाला हातोडी असते. बोट जसे पडेल तशी ती तारेवर आदळते. इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले, त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये बोटाने आवाज कमी-जास्त करता येत नसे. त्याच्या वाद्यात तो येऊ लागला, म्हणून तर त्याला 'पियानो ए फोर्ते', म्हणजे 'हळू आणि मोठ्याने', असे नाव पडले. तेव्हा ज्याच्या पट्ट्यांना वजन नाही, त्याच्यावर वर्षभर घासून बोटे तयार होतील ती दुसऱ्याच कुठल्या वाद्यासाठी. सहाशे आवाज सोडून द्यावेत. पैसे मोजायचे ते पट्टीचे.

मग मी बाजार नव्या नजरेने पाहिला. धोबी तलावावर १८६५ पासून चालत आलेली फुर्टाडोची पेढी आहे, तिथे एक अख्खा शनिवार घालवला. यामाहा, कॅसिओ, रोलँड या जपानी कंपन्यांचे प्राथमिक पियानो चाळीस ते पंचावन्न हजारांत होते. (यातल्या यामाहाचा मूळ पुरुष १८८७ मध्ये शाळेतली बिघडलेली पायपेटी दुरुस्त करताना या धंद्यात पडला, हे कळल्यावर आजीला फार समाधान वाटले.) मिसनी चार परीक्षा सांगितल्या होत्या. त्या इथे देते, कुणाला उपयोग झाला तर होवो.

पहिली : ८८ पट्ट्या पूर्ण हव्यात आणि डावीकडच्या उजवीकडच्यांपेक्षा किंचित जड लागायला हव्यात, कारण खऱ्या पियानोत खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात. दुसरी : एक पट्टी अगदी सावकाश खाली न्यायची, आवाज येताच कामा नये, कारण खऱ्या वाद्यात अशा वेळी हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. तिसरी : पायातले पेडल दाबून ठेवायचे आणि खर्जातले स्वर धरून वरपर्यंत भराभर चढत जायचे, आधीचे स्वर मधेच गळाले तर यंत्राची एकाच वेळी स्वर धरण्याची ताकद कमी आहे असे समजावे. शिकणाऱ्याला ६४ स्वरांची ताकद पुरते. चौथी : हे सारे डोळे मिटून, म्हणजे चकचकीत दिवे आणि कंपनीचे नाव दिसणार नाही असे.

डोळे मिटून मी जो निवडला तो त्या रांगेतला सर्वांत स्वस्त निघाला. त्याचे स्पीकर सामान्य आहेत, दिसायला तो इस्त्रीच्या टेबलासारखा आहे. पण पट्ट्या खऱ्या वाटतात. स्टँडचे पैसे वाचवायला बाबांनी जुन्या कपाटाच्या फळ्यांतून सुताराकडून घोडी करून घेतली; फक्त पट्ट्या जमिनीपासून साधारण अठ्ठावीस-एकोणतीस इंचांवर याव्यात असे माप दिले. जेवणाच्या टेबलावर ठेवले तर खांदे वर चढतात आणि मनगट धरते. मोरीची भिंत मात्र अजून गळते आहे. आई त्याविषयी बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणूनच मी एक दिवस सराव चुकवत नाही.

आमच्या एका नातेवाइकांनी येऊन विचारलेच, "मराठी मुलीला हे साहेबी वाद्य कशाला? यात मींड नाही, श्रुती नाहीत." त्यांना उत्तर आजीनेच दिले. पेटीविषयी लोक अगदी हेच म्हणत, आणि त्याच कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केले, ते सुमारे तीस वर्षे. तेवढ्या काळात आजीच्या वडिलांच्या भजनी मंडळाने पेटी काही सोडली नाही.

रात्रीच्या सरावात हेडफोनमुळे घराला ऐकू येते ती नुसती पट्ट्यांची टकटक. "एवढे पैसे घालून घरात टायपिंगच चाललंय," असे भाऊ म्हणतो. म्हणून रोज संध्याकाळी सात ते साडेसात हेडफोन काढायचा असा ठराव झाला आहे. पहिल्या संध्याकाळी मी आजीला आग्रहाने खुर्चीवर बसवले. तिचा उजवा हात बरोबर पट्ट्यांवर गेला. डावा सवयीने मागे गेला, भाता शोधत राहिला, आणि काही सापडेना तेव्हा मांडीवर येऊन थांबला.

"आता या हाताला काय काम देऊ?" तिने विचारले.

मी तिचा डावा हात उचलून खर्जाच्या पट्ट्यांवर ठेवला. गेले पाच महिने त्या अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटे तिची असतात. डाव्या हाताला अजून वेळ लागतो. पण सा आणि प तो आता न चुकता धरतो.