पुस्तकाचे दुकान कुठे थाटावे?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या आम्हा चौघांनी मिळून एक छोटेखानी पुस्तक काढले. मुरबाड-शहापूरकडच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आज्यांकडून उतरवून घेतलेल्या ओव्यांचा तो संग्रह. पाने ११२, किंमत २०० रुपये, प्रती ५००. ग्रंथालयांना आणि स्नेह्यांना देऊन झाल्यावर तीनशेच्या वर प्रती डोंबिवलीच्या एका घरात पलंगाखाली उरल्या, तेव्हा त्या महाजालावर विकाव्यात असे ठरले. कुठे विकाव्यात, हा प्रश्न मात्र वाटला तेवढा किरकोळ निघाला नाही.

आमचा हा परिसर पुस्तकांना नवखा नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात २०१० साली भरले आणि डोंबिवलीत २०१७ साली. तरीही अनोळखी पुस्तकाला दुकानातल्या फळीवर जागा मिळणे कठीण. विक्रेत्याला तीस-चाळीस टक्के सूट द्यावी लागते आणि पैसे हाती येतात ते प्रती खपल्यावर, तेही सवडीने.

महाजालावरच्या बड्या दुकानांची सुरुवात पुस्तकांपासूनच झाली, हे येथे आठवते. अ‍ॅमेझॉनने १९९५ साली अमेरिकेत आणि फ्लिपकार्टने २००७ साली बंगळुरात आधी पुस्तकेच विकायला घेतली. अ‍ॅमेझॉनने २०१३ साली भारतात दुकान उघडले तेही पुस्तके आणि चित्रपट मांडून. कारण उघड आहे. पुस्तक नासत नाही, फुटत नाही, अंगाला घट्ट किंवा सैल होत नाही आणि आयएसबीएन क्रमांकामुळे कुठेही नेमके ओळखता येते. शिवाय आपल्याकडे छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. म्हणजे दुकान थाटणे सोपे. अवघड आहे तो हिशोब.

अशा संकेतस्थळांचे कमिशन टक्क्यांत असते, पण वजनावरचा पाठवणीचा खर्च पुस्तकाच्या किमतीकडे पाहत नाही. आठशे रुपयांच्या ग्रंथाला जो भार जाणवत नाही, तो दोनशेच्या पुस्तकाचे कंबरडे मोडतो. मग किंमत वाढवावी काय? आजीच्या ओव्या नातवालाच परवडू नयेत, हे आम्हांला पटेना.

तरीही एका मोठ्या संकेतस्थळावर आम्ही काही प्रती ठेवल्या. पुस्तकाचे नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी लिहिता येत होते. त्यांपैकी एका तऱ्हेने शोधले तरच ते सापडे. डोंबिवलीच्या पलंगाखालून निघालेली प्रत भिवंडीच्या गोदामात जाऊन पुन्हा डोंबिवलीतच कुणाच्या घरी पोचे. तो वाचक कोण, हे मात्र आम्हांला कधी कळले नाही. एक प्रत गेली, एवढेच कळे.

याउलट, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लावलेला दूरध्वनी क्रमांक पाहून ज्यांनी पुस्तक मागवले, त्यांच्यापैकी कित्येकांनी ते वाचून पुन्हा फोन केला. एक बाई म्हणाल्या, “त्रेचाळीस पानावरची ओवी आमची आईही म्हणायची, सर, पण शेवटचा चरण निराळा होता.” त्यांनी तो म्हणून दाखवला आणि आम्ही लिहून घेतला. असे अकरा पाठभेद आजवर जमले आहेत. मौखिक वाङ्मय शिकवणाऱ्यांना सांगायला नको की, अशा संग्रहाची दुसरी आवृत्ती वाचकच घडवतात. जे दुकान वाचकाचा पत्ता आपल्यापाशीच ठेवते, ते कमिशनाबरोबर हेही ठेवून घेते.

पण प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. सूचनाफलक पाहणारे आमच्याच ओळखीपाळखीचे. इंदूर किंवा बेळगावच्या अनोळखी अभ्यासकापर्यंत आमचा क्रमांक पोचणार कसा? त्याच्यासाठी मोठी बाजारपेठ लागतेच.

शेवटी आम्ही कामे वाटून दिली. मोठ्या संकेतस्थळावर थोड्याच प्रती, दर्शनी फळीसारख्या. पुण्याच्या बुकगंगावर त्याहून अधिक, कारण तिथे येणारा बहुधा मराठी पुस्तकासाठीच येतो. उरलेल्या सगळ्या प्रती आमच्या हातून, टपालाने. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची जुनी सवलतीची सेवा बंद केली, तेव्हा हा तिसरा मार्ग बुजला असेच वाटले होते. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, अधिक कर. आमचे पुस्तक तेवढ्या वजनात बसते.

प्रत्येक प्रतीत आता आम्ही एक कोरे पोस्टकार्ड घालतो, पत्ता लिहून. मोठ्या बाजारातून गेलेल्या प्रतींतही. त्या प्रतींमधली दोन कार्डे परत आली आहेत, त्यांपैकी एकावर ओवी आहे.