साडेतीस सेकंदांची मोटर

पुण्यात गाव विचारलं आणि 'जळगाव' सांगितलं की समोरचा केळी आणि सोन्यावर येतो. मग खुलासा करावा लागतो. ते खानदेशातलं. आमचं जळगाव जामोद, बुलडाणा जिल्ह्यातलं. उत्तरेला सातपुडा, त्यापलीकडे मध्य प्रदेश, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलेला खारपाणपट्टा. मी मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे वॉशिंग मशीन, वीजमीटर, गाडीचा डॅशबोर्ड यांच्या आत बसलेल्या नखाएवढ्या चिपला कामाला लावतो. या धंद्यातला सगळ्यात मोलाचा धडा मात्र मला पुण्यातल्या ऑफिसात मिळाला नाही, आमच्या विहिरीवर मिळाला.

आमची विहीर हिवाळा सरत आला की अर्ध्या-पाऊण तासात उपसते. मग झरे भरून येईपर्यंत थांबावं लागतं. न थांबता मोटर कोरडी चालली की जळते, आणि जळलेली मोटर वायंडिंगला टाकली की दोन-तीन दिवस पाणी बंद. त्यात थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री. वडील बॅटरी घेऊन रात्रभर मोटर चालू-बंद करत बसायचे. म्हणून एका दिवाळीत मी स्टार्टरशेजारी एक डबा लावला. अर्धा तास चालव, अर्धा तास थांबव, एवढंच त्याचं काम. आत आर्डुइनो उनो बोर्ड होता. त्यावरच्या एटीमेगा ३२८ चिपची फ्लॅश मेमरी ३२ केबी, रॅम अवघी २ केबी. कामाच्या मानाने तेवढीही चैनच.

मोटर सुरू झाली, पाइपातून फेस आला, पाणी दांडाला लागलं आणि मोटर बंद पडली. थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली, पुन्हा बंद. कॉन्टॅक्टर खटाखट वाजत होता. वडिलांनी मेन स्विच पाडला आणि म्हणाले, "तुयं यंत्र तं अर्ध्या मिन्टातच थकते रे."

अर्धं मिनिट हा त्यांचा अंदाज अचूक होता. मी लिहिलं होतं ३० × ६० × १०००, म्हणजे अर्ध्या तासाचे मिलिसेकंद. उत्तर हवं १८ लाख. पण या चिपवर सी भाषेतला साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. १८ लाखांतून ६५,५३६ ची सत्तावीस आवर्तनं गळून गेली आणि उरले ३०,५२८. म्हणजे साडेतीस सेकंद. लॅपटॉपवर तेच गणित बरोबर येत होतं, कारण तिथे पूर्णांक ३२ बिटांचा. एकाच ओळीचा अर्थ चिपगणिक बदलतो, हे पुस्तकात वाचलेलं त्या दिवशी दांडात उभं राहून कळलं.

त्याहून लागलेली गोष्ट पुढेच आहे. ही चूक कंपायलरला, म्हणजे सीचं चिपच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, दिसली होती. जीसीसी नावाचा हा कंपायलर अशा गुणाकारावर इशारा देतो. पण मी वापरत होतो त्या आर्डुइनोच्या मांडणीत इशारे मुळातच बंद ठेवलेले असतात, आणि ते चालू करण्याची तसदी मी घेतली नव्हती. राखणदार ओरडत होता, त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

सी भाषा १९७० च्या दशकातली. प्रोग्रॅमरला सगळं कळतं असं धरून ती चालते. रस्टसारखी नवी भाषा असं काही धरत नाही. रस्टमध्ये जवळजवळ प्रत्येक आकड्याचा आकार ठरलेला असतो, चिप कोणतीही असो. १६ बिटांत न मावणारा हाच गुणाकार तिथे लिहिला तर इशारा येत नाही, प्रोग्रॅम तयारच होत नाही. मग सगळे रस्टमध्येच का लिहीत नाहीत? कारण भाषा आणि चिप यांच्यामध्ये एक लांब साखळी असते. आम्ही तिला टूलचेन म्हणतो.

आमच्या भागात ती कापसावरून चटकन समजते. शेतातला कापूस थेट मागावर चढत नाही. जिनिंगमध्ये सरकी निघते, प्रेसिंगमध्ये गाठी बांधल्या जातात, गाठी सूतगिरणीत जातात. गाठ एकदा बांधली की ती कोणाच्या वावरातली, हे गिरणी विचारत नाही. एलएलव्हीएम नावाची कंपायलरची चौकट याच रीतीने चालते. रस्ट असो, स्विफ्ट असो की गो भाषेचा छोट्या चिपसाठीचा अवतार टायनीगो, प्रत्येकाचं जिनिंग वेगळं, पण गाठ एकाच मापाची. नवी चिप आली की तिच्यासाठी एक गिरणी उभारायची, सगळ्या भाषांची सोय होते. ही चौकट २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात क्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केली. अडवे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी. एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१२ सालचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार या दोघांना आणि इव्हान चेंग यांना मिळाला.

गिरणीनंतरही काम उरतंच. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम कुठे ठेवायचा हे ऑपरेटिंग सिस्टिम बघते. चिपमध्ये कोणीच नसतं. फ्लॅश कुठून सुरू होते, रॅम किती, हे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणाऱ्या लिंकरला नकाशा काढून द्यावं लागतं. वीज आल्यावर मुख्य प्रोग्रॅमच्या आधी रॅमची झाडलोट करणारा कोड लागतो. चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारं आणि आत डोकावू देणारं साधन लागतं. यातली एक कडी नसली तर भाषा कितीही गुणी असो, चिप मुकी राहते.

आणि साखळी एकदा बांधून भागत नाही, ती राखावी लागते. याचं उदाहरण पुण्याचंच आहे. केपीआयटी कमिन्स ही कंपनी रेनेसासच्या मायक्रोकंट्रोलरसाठी जीएनयूची, म्हणजे जीसीसी आणि त्याच्या जोडीची, साधनं तयार करून फुकट देत असे. तिच्याच अभियंत्यांनी सीआर१६ या चिपसाठी जीसीसीची गिरणी उभारली, आणि २०१२ मध्ये ती जीसीसीच्या मुख्य कोडमध्ये दाखल झाली. जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरमध्ये पुण्यातलं काम! २०२३ मध्ये जीसीसीची १३ वी आवृत्ती आली, तिच्यातून सीआर१६ काढून टाकलेलं होतं. यात कोणाचा अपमान नाही, ही रीतच आहे. कंपायलर दरवर्षी बदलतो. बदलाबरोबर प्रत्येक गिरणी दुरुस्त करणारं कोणी नसेल, तर ती मोडीत निघते.

रस्टमध्ये ही राखण उघडपणे प्रतवारीत मांडलेली असते. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम चिप दुसऱ्या प्रतीत आहेत. त्यांची साधनं प्रत्येक आवृत्तीबरोबर तयार मिळतात, आणि डिसेंबर २०१८ पासून त्यांच्यासाठी स्थिर रस्ट वापरता येतं. माझ्या जुन्या डब्यातली चिप एव्हीआर जातीची, तिचं काम काही हौशी मंडळींनी वर्षानुवर्षं वेगळं सांभाळलं. २०२० मध्ये ते मुख्य रस्टमध्ये आलं, पण प्रत तिसरी. चाललं तर चाललं, हमी नाही. आमच्याकडे लोकप्रिय असलेल्या ईएसपी३२ या चिपची गंमत आणखी वेगळी. ती बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी शांघायची, तिचं एक केंद्र पुण्यातही आहे. मूळ ईएसपी३२ मध्ये एक्सटेन्सा जातीचा प्रोसेसर आहे. त्यासाठी कंपनीने फेरफार केलेलं स्वतःचं एलएलव्हीएम वेगळं उतरवून घ्यावं लागतं. तिच्याच ईएसपी३२-सी३ मध्ये रिस्क-५ या खुल्या आज्ञासंचावरचा प्रोसेसर आहे, तो नेहमीच्या रस्टवर चालतो. दोन्ही एकाच कंपनीच्या, पण साखळी वेगळी, आणि माझा निर्णय त्या साखळीवरच ठरला. दुसरा डबा सी३ वर केला, रस्टमध्ये.

त्याचा प्रोग्रॅम लिहिताना कंपायलरने मला अडवून एक प्रश्न विचारला. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपवर रस्टचा प्रोग्रॅम तोवर पुरा होत नाही, जोवर तुम्ही सांगत नाही की गोंधळ उडाला तर काय करायचं. सीमध्ये मला हे कोणी विचारलंच नव्हतं. मी लिहिलं: रिले सोड, मोटर बंद कर, थांबून राहा. चार ओळींचा मजकूर, पण तो लिहिण्याआधी शेतावर काय काय बिघडू शकतं, याचा विचार करावा लागला.

तरी नव्या भाषेची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. प्रोग्रॅम चालताना आकडा ओसंडला, तर रस्टसुद्धा अंतिम बांधणीत गप्प राहतं. ती तपासणी आपण मुद्दाम चालू ठेवायची असते. चिप बनवणाऱ्यांची बहुतेक लायब्ररी अजून सीमध्येच असते. ८०५१ जातीच्या चिप तर एलएलव्हीएमच्या मुख्य कोडमध्ये नाहीतच, त्यांना एसडीसीसीसारखा सीचा कंपायलरच लागतो. आणि दुसरा डबा लावल्यावर आठ दिवसांत पहिली तक्रार आली ती भाषेची नव्हतीच. कॉन्टॅक्टर सुटताना उडणाऱ्या ठिणगीने चिप रिसेट होत होती. तिथे रस्ट काय करणार? कॉइलला आडवा रेझिस्टर आणि कपॅसिटर टाकला, तारा वेगळ्या वाटेने नेल्या, तेव्हा थांबलं. पुढे स्टार्टरमध्ये पाल शिरली, तिच्यावर तर कोणत्याच भाषेत उपाय नाही.

आमच्या तालुक्यातली मुलं शेगाव, अकोला, पुणे इथे इंजिनीअरिंगला जातात आणि सुट्टीत आली की विचारतात, "दादा, सी शिकू का रस्ट?" मी सांगतो, आधी सी शिका, कारण सगळं जग तिच्यावर उभं आहे. पण पहिल्या दिवशी इशारे चालू करा आणि एकही इशारा शिल्लक ठेवू नका. चिप घेताना किंमत बघता, तशी तिची टूलचेन कोण सांभाळतं तेही बघा. मग रस्टला हात लावा. आणि जमलं तर या साखळीतली एखादी कडी स्वतः हाती घ्या. कोड खुला आहे, राखणदार कमी आहेत. आयआयटी मुंबईच्या प्रा. उदय खेडकरांनी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या, त्या याच कामाला माणसं तयार व्हावीत म्हणून. जळगाव जामोदमध्ये बसूनही हे काम होतं, इंटरनेट आणि चिकाटी एवढंच लागतं.

नवा डबा आता दोन हंगाम चालू आहे. वडील रात्री झोपतात. मोटर मात्र अर्ध्या तासाने बंद झाली की नाही, हे ते अजून घड्याळात बघतात.